भरलेले आभाळ, जोराचा वारा आणि कोरडे शिवार: पर्जन्यछायेतील हवामानाचा अंदाज कसा वाचावा

सह्याद्रीच्या पूर्वेला डोंगराआड पाऊस कमी पडणाऱ्या पट्ट्याला पर्जन्यछाया म्हणतात. जुलै महिन्यात त्यातील माण, खटाव, खानापूर, आटपाडी, जत, सांगोला या तालुक्यांसाठी येणारा हवामानाचा अंदाज पुष्कळदा एकाच साच्याचा असतो. आकाश ढगाळ राहील, कमाल तापमान सरासरीच्या आसपास राहील, तुरळक ठिकाणी हलक्या सरी वगळता हवामान कोरडे राहील आणि पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतील. त्याच दिवशी महाबळेश्वर, नवजा आणि कोयनानगर येथे चोवीस तासांत दोनशे मिलिमीटर पाऊस झाल्याची बातमी असते आणि कोयना धरणातील आवक वाढल्याचे सांगितले जाते. आटपाडीचा शेतकरी डोक्यावरून धावणारे ढग पाहत असतो आणि पावसाने दडी मारली, मॉन्सून कमजोर पडला, असा निष्कर्ष काढतो. हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. सौम्य तापमान, कोरडे हवामान आणि जोराचा वारा हे तिन्ही एकत्र आले, तर मॉन्सून त्या वेळी चांगला जोरात आहे असे समजायला हरकत नाही. त्याचे पाणी मात्र दुसरीकडे पडत असते.

कोयनानगर आणि आटपाडी ही दोन गावे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. नकाशावर पट्टी ठेवली तर दोहोंत सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटर अंतर भरते. जमिनीपासून किलोमीटरभर उंचीवर वारा ताशी चाळीस किलोमीटर वेगाने वाहत असेल, तर पहाटे कोयनेच्या खोऱ्यात पाऊस पाडून गेलेली हवा नऊ-दहा वाजेपर्यंत आटपाडीच्या माळावर पोहोचते. म्हणजे दोन्ही गावांवरची हवा एकच असते. फरक पडतो तो मधल्या तीन तासांत तिचे काय झाले यामुळे.

हे समजण्यासाठी ढोबळ आकडे घेऊन एक हिशेब मांडता येतो. कोकणात समुद्रसपाटीजवळ हवेचे तापमान २८ अंश सेल्सिअस आहे आणि तिच्यात भरपूर बाष्प आहे असे धरू. ही हवा सह्याद्रीला अडते आणि तिला वर चढावे लागते. वर दाब कमी असल्याने हवा प्रसरण पावते आणि थंड होते. तिच्यात ढग तयार होत नाहीत तोपर्यंत दर किलोमीटरला सुमारे दहा अंश या दराने तापमान उतरते. आपल्या उदाहरणात तीन-चारशे मीटर उंचीवरच बाष्प सांद्र होऊन ढग बनू लागतात. बाष्पाचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते, त्यामुळे तेथून पुढे हवा अधिक सावकाश, किलोमीटरला चार-पाच अंशांनी थंड होते. सुमारे बाराशे मीटर उंचीच्या घाटमाथ्यावर पोहोचेपर्यंत तापमान एकवीस अंशांच्या जवळ आलेले असते आणि वाटेत सांद्र झालेले बरेचसे पाणी पावसाच्या रूपाने घाटावर पडून गेलेले असते. पुढे हीच हवा सहाशे मीटर उंचीच्या पठारावर उतरते. उतरताना ती दाबली जाते आणि पुन्हा किलोमीटरला दहा अंश या दराने तापते. सहाशे मीटरच्या उतरणीत सहा अंश वाढतात आणि पठारावर तिचे तापमान सत्तावीस अंशांच्या घरात जाते. घाटाच्या पश्चिम अंगाला याच उंचीवर हवा तेवीस-चोवीस अंशांची होती. म्हणजे तीन-चार अंशांची ऊब तिने कमावली आणि त्या बदल्यात पाणी गमावले.

घाटमाथ्यावर शंभर टक्के असलेली सापेक्ष आर्द्रता पठारावर पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास येते. घाट ओलांडून आलेल्या ढगांचा बराच भाग या उतरणीत विरून जातो. उरतात ते पातळ, विस्कळीत ढग. वाई, पाचगणी आणि महाबळेश्वर या तीन गावांच्या पावसाच्या आकड्यांत हा फरक फार स्पष्ट दिसतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पाचगणीला त्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि डोंगर उतरून वाईला आले की तो हजार मिलिमीटरच्या आत येतो. हे सगळे तीस-पस्तीस किलोमीटरच्या रस्त्यात घडते. तेथून पूर्वेला म्हसवड किंवा आटपाडीपर्यंत गेल्यावर वार्षिक पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास रेंगाळतो.

येथे एक शंका स्वाभाविक आहे. हवेत पंचाहत्तर टक्के आर्द्रता असताना हवामान विभाग तिला कोरडे का म्हणतो? हवामान अंदाजात ‘कोरडे’ या शब्दाचा संबंध हवेतील बाष्पाशी नसून पावसाशी असतो. एखाद्या उपविभागातील एकाही केंद्रावर पाऊस अपेक्षित नसेल, तर हवामान कोरडे राहील असे म्हटले जाते. पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक ठिकाणी’, सव्वीस ते पन्नास टक्के केंद्रांवर अपेक्षित असेल तर ‘काही ठिकाणी’ अशी शब्दयोजना केली जाते. पावसाचा दिवस म्हणून नोंद होण्यासाठी चोवीस तासांत किमान २.५ मिलिमीटर पाऊस पडावा लागतो. दिवसभर भुरभुर चालू राहिली, अंगावरचे कपडे ओलसर झाले आणि पर्जन्यमापकात मिलिमीटरभर पाणी साचले, तरी तो पावसाचा दिवस ठरत नाही. पर्जन्यछायेत जुलैचे कितीतरी दिवस असेच जातात.

दुसरी अडचण उपविभागाची आहे. हवामान विभागाने महाराष्ट्र आणि गोव्याचे कोकण व गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ असे चार भाग केले आहेत. यांतील मध्य महाराष्ट्रात महाबळेश्वरही येते आणि म्हसवडही येते. त्यामुळे ‘मध्य महाराष्ट्रात सरासरीपेक्षा अधिक पाऊस’ या वाक्यात घाटमाथ्याचा मुसळधार पाऊस आणि माणदेशाचे कोरडे शिवार एकाच सरासरीत मिसळून जातात. अलीकडे जिल्हावार इशाऱ्यांमध्ये पुणे, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांच्या घाट परिसराचा उल्लेख स्वतंत्रपणे केला जातो, ही चांगली सुधारणा आहे. पूर्व भागातील वाचकाने ‘घाट परिसर’ हे शब्द आले की तो इशारा आपल्यासाठी नाही एवढे तरी लक्षात घ्यावे. मोबाइलवरील हवामानाची अॅप्स याहून अधिक फसवतात, कारण त्यांच्यामागची जागतिक प्रारूपे दहा-वीस किलोमीटरच्या चौकटींत हिशेब करतात आणि घाटाचा तीव्र उतार त्या चौकटीत सपाट होऊन जातो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने विकसित केलेली आणि मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ ही चौकट सहा किलोमीटरपर्यंत खाली आणते. घाट आणि पठार यांतील भेद पकडण्याच्या दृष्टीने ही मोठी मजल आहे.

आता वाऱ्याकडे वळू. पावसाळ्यात दक्षिण हिंदी महासागरात मास्करीन बेटांच्या परिसरात हवेचा दाब जास्त असतो आणि वायव्य भारत व पाकिस्तानच्या तापलेल्या भूभागावर तो कमी असतो. दोहोंतील फरकामुळे हवा विषुववृत्त ओलांडते, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत उत्तरेकडे येते, पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळते आणि अरबी समुद्रावरून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आदळते. या प्रवाहाचा सर्वाधिक वेग जमिनीलगत नसून एक ते दीड किलोमीटर उंचीवर असतो. भारतीय द्वीपकल्पावरील या खालच्या थरातील वेगवान झोताचे अस्तित्व पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रामन या भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी १९६६ साली दाखवून दिले. पुढे १९६९ मध्ये जॉन फिंडलेटर यांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यापासूनचा त्याचा पूर्ण मार्ग मांडला आणि जगभर हा झोत फिंडलेटर यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. आपल्याकडच्या अभ्यासकांच्या वाट्याला त्या मानाने कमी प्रसिद्धी आली, हे ओघाने नमूद करावेसे वाटते.

हा झोत जेव्हा जोर धरतो, तेव्हा घाटावर अधिक बाष्प येऊन आदळते आणि तेथे अतिवृष्टी होते. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार होऊन ते ओडिशा, छत्तीसगड, मध्य प्रदेश अशा मार्गाने सरकू लागले की पश्चिम किनाऱ्यावरील दाबाचा उतार वाढतो आणि वारेही वाढतात. पर्जन्यछायेतील वाऱ्याचा जोर हा त्याच घटनेचा पूर्वेकडचा भाग असतो. माणदेशात पत्रे वाजवणारा वारा सुटला असेल, तर कोयनेच्या पाणलोटात धो धो पाऊस चालू असण्याची शक्यता बरीच असते. वर्तमानपत्रातील धरणाच्या आवकेचे आकडे आणि आपल्या अंगणातील वारा यांची आठ दिवस शेजारी-शेजारी नोंद ठेवली, तर हा संबंध कोणालाही पडताळता येईल.

वारा जोराचा असताना पाऊस का पडत नाही, याला उतरणीव्यतिरिक्त आणखी एक कारण आहे. पावसाचा एक मध्यम थेंब तयार होण्यासाठी सुमारे दहा लाख ढगकण एकत्र यावे लागतात. त्यासाठी ढगाला जाडी लागते आणि वेळही लागतो. पठारावरून धावणारे जुलैचे ढग उथळ असतात. त्यांच्यावर अनेकदा अरबस्तानाकडून आलेल्या उबदार, कोरड्या हवेचा थर असतो आणि तो ढगांना झाकणासारखे दाबून धरतो. शिवाय खालच्या थरात पश्चिमेचा वेगवान वारा आणि चौदा-सोळा किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून येणारा त्याहूनही वेगवान झोत अशी स्थिती असल्याने एखादा ढग उंच वाढू लागलाच, तर तो वाकतो, फाटतो आणि विरतो. ढग भरपूर असूनही पाऊस न देणारा हा प्रदेश असल्यामुळेच पुण्याच्या याच मौसमविज्ञान संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात मेघबीजनाचा, म्हणजे ढगांत बारीक कण सोडून पाऊस वाढवण्याचा, प्रयोग सोलापूर परिसरात केला. त्या प्रयोगात बीजन केलेल्या ठिकाणापासून वारा जिकडे वाहतो त्या बाजूच्या शंभर चौरस किलोमीटर क्षेत्रात पाऊस सरासरी अठरा टक्क्यांनी वाढल्याचे अभ्यासकांनी मांडले. मात्र बीजनासाठी मुळात योग्य जाडीचा ढग हजर असावा लागतो. कोरड्या आभाळातून पाऊस पाडण्याचे ते साधन नव्हे.

वारा आणि पाऊस यांचे हे नाते लोकांनी फार पूर्वीपासून पाहिलेले आहे. वाऱ्याने पाऊस पळवला असे आपण सहज म्हणतो. सातारा, सांगली आणि धुळे जिल्ह्यांत पवनचक्क्या उभ्या राहिल्यानंतर या निरीक्षणाला वेगळेच वळण लागले आणि पवनचक्क्याच ढग पळवतात अशी समजूत पसरली. पाटण तालुक्यातील वनकुसवडे पठार, कवठेमहांकाळ तालुक्यातील ढालगाव, साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेल ही पवनऊर्जेची मोठी ठिकाणे आहेत, आणि ती तेथे आहेत याचे कारण जून ते ऑगस्टमध्ये मिळणारा हाच जोराचा वारा आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातून मिळू शकणारी ऊर्जा आठपट होते. त्यामुळे येथील पवनचक्क्यांच्या वर्षभराच्या विजेचा मोठा हिस्सा पावसाळ्याच्या या काही महिन्यांतच तयार होतो. पाती फिरतात ती जमिनीपासून शंभर-दीडशे मीटरपर्यंतच्या थरात, तर मॉन्सूनचा पश्चिमी प्रवाह कित्येक किलोमीटर जाड असतो. पात्यांनी खालचा वारा थोडा मंदावतो खरा, पण ढगांच्या वाटेत अडथळा आणण्याइतका त्यांचा आवाका नाही. शिवाय साताऱ्यातील पवनचक्क्या विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासूनच्या आहेत, आणि म्हसवडजवळचा राजेवाडी तलाव एकोणिसाव्या शतकातील दुष्काळी कामांतून झालेला आहे. पाऊस कमी पडतो हे तेव्हाही सर्वांना ठाऊक होते.

तापमान सौम्य का राहते, याचे उत्तर लांबवण्याची गरज नाही. ढग ऊन अडवतात आणि वारा जमिनीलगतची तापलेली हवा साचू देत नाही. मे महिन्यात चाळीस अंशांवर असलेले सोलापूर जुलैत साधारण बत्तीस अंशांच्या आसपास असते. रात्रीचे तापमानही फारसे उतरत नाही, कारण ढगांमुळे जमिनीची उष्णता बाहेर निसटत नाही.

सौम्य हवेमुळेच धोका लक्षात येत नाही, हे शेतीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. ऊन नाही, उकाडा नाही, म्हणून जमिनीतील ओल टिकून असेल असे वाटते. ढगाळ दिवशीही वारा असला की दोरीवरचे कपडे वाळतात. पिकाच्या पानांलगत साचलेली दमट हवा वारा सतत हटवत राहतो, तिच्या जागी तुलनेने कोरडी हवा येते आणि पानांतून व मातीतून पाणी उडणे चालूच राहते. एक मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर, म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर. पिकाची आणि मातीची मिळून रोजची झीज पाच मिलिमीटर धरली, तर एका एकरातून दररोज वीस हजार लिटर पाणी हवेत जाते. हलक्या, मुरमाड जमिनीत मुळांच्या कक्षेत साठणारे पाणी मुळातच कमी असते. तेथे पेरणीनंतर दहा-बारा दिवसांची उघडीप आणि जोडीला वारा एवढे बाजरीच्या किंवा मटकीच्या कोवळ्या रोपांना माना टाकायला पुरेसे होते. अशा वेळी कोळपणी करून वरचा दोन-तीन बोटांचा थर भुसभुशीत ठेवण्याचा जुना रिवाज शास्त्रालाही धरून आहे, कारण त्यामुळे भेगा बुजतात आणि खालची ओल वर चढून उडण्याची वाट तुटते.

अंदाजात दिलेला वाऱ्याचा वेग हाही नीट वाचायला हवा. हवामान केंद्रावर वारा उघड्या जागी दहा मीटर उंचीवर मोजतात. शेतात माणसाच्या उंचीवर तो कमी भरतो, पण टेकडीच्या धारेवर किंवा खिंडीच्या तोंडाशी अधिक भरू शकतो. ‘ताशी ३० ते ४० किलोमीटर’ हा आकडा सलग वाहणाऱ्या वाऱ्याचा असेल, तर मधूनमधून येणारे झोत त्याहून बरेच वेगवान असतात. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला तर शेडनेटच्या जाळीवर किंवा गोठ्याच्या पत्र्यावर पडणारा जोर चौपट होतो. आटपाडी-सांगोल्याच्या डाळिंब बागांत याच दिवसांत फळे काट्यांवर घासून डागाळतात. फवारणी वाऱ्याने उडून शेजारच्या रानात जाते. पठारावर दुपारी वारा अधिक आणि पहाटे कमी असतो, कारण दिवसा जमीन तापल्याने वरच्या थरातील वेगवान हवा घुसळून खाली येते. म्हणून फवारणी सकाळी लवकर उरकावी हा सल्ला कृषी हवामान पत्रकात पुन्हा पुन्हा दिसतो. हे पत्रक दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघते आणि त्यात पुढील पाच दिवसांच्या पावसाबरोबर वाऱ्याचा वेग आणि दिशाही असते. दिशा अंशांत दिलेली असते आणि ती वारा जिकडून येतो ती असते: २७० म्हणजे पश्चिम, २२५ म्हणजे नैर्ऋत्य, ९० म्हणजे पूर्व.

एक अपवाद मात्र नीट ओळखावा लागतो. प्रत्येक कोरडा आठवडा जोरदार मॉन्सूनचाच असतो असे नाही. मॉन्सूनचा आस, म्हणजे उत्तर भारतावर पसरलेला कमी दाबाचा पट्टा, हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की मध्य भारतात पावसात खंड पडतो. त्या वेळी वेगवान झोताचा गाभाही दक्षिणेकडे सरकतो आणि द्वीपकल्पाच्या टोकाला वळसा घालून जातो. घाटावरचा पाऊसही ओसरतो, धरणांची आवक घटते, ऊन पडू लागते आणि तापमान सरासरीच्या वर जाते. ऑगस्ट २०२३ हे याचे ठळक उदाहरण आहे. त्या महिन्यात देशभरात सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस झाला आणि १९०१ पासूनच्या नोंदींतील तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. अंदाजात ‘कोरडे’ हा शब्द दोन्ही वेळा सारखाच दिसतो. फरक तापमानाच्या आणि वाऱ्याच्या ओळींत असतो. तापमान सरासरीइतके आणि पश्चिमेचा वारा जोराचा असेल, तर पाणी घाटावर पडते आहे. तापमान वाढते आहे आणि वारा मंदावतो आहे, तर तो खरा खंड आहे.

खंडाच्या काळात पर्जन्यछायेला कधीकधी उलटा अनुभवही येतो. वारा पडल्यावर दुपारी जमीन तापते, ढगांना सरळ वर वाढायला मोकळीक मिळते आणि संध्याकाळी एखाद्या गावावर विजांसह पाऊस होऊन जातो. शेजारचे गाव कोरडेच राहते. बंगालच्या उपसागरातून आलेले कमी दाबाचे क्षेत्र नेहमीचा उत्तरेचा मार्ग सोडून तेलंगण-मराठवाड्यावरून पश्चिमेकडे सरकले, तर मात्र पाऊस सगळीकडे आणि दमदार होतो, कारण तेव्हा बाष्प घाट ओलांडून न येता पूर्वेकडून येते. सोलापूर, अहिल्यानगर आणि माणदेशात वर्षातील सर्वाधिक पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो तो या दोन कारणांनी, आणि ज्वारीची रब्बी पेरणीही त्याच ओलीवर होते. म्हणून ऑगस्टच्या उत्तरार्धात या भागातील शेतकऱ्याने दर गुरुवारी निघणाऱ्या विस्तारित कालावधीच्या, म्हणजे पुढील काही आठवड्यांच्या, अंदाजात पावसाच्या नकाशाबरोबर वाऱ्याचा नकाशाही पाहावा. द्वीपकल्पावरील पश्चिमेचे बाण आखूड होऊ लागले आणि पाच दिवसांच्या पत्रकात दिशेचा आकडा २७० वरून ढळून रोज वेगळा दिसू लागला, की वाफसा येताच पाळी घालता यावी या बेताने औते आणि बियाणे तयार ठेवायला हरकत नाही.